पुस्तकांतून देश फिरायचेत? आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलुंडमधले आम्ही दहाबारा जण गेली सहा वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, आणि त्या महिन्यात ठरवलेल्या देशातलं पुस्तक वाचून त्यावर बोलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर, लोकलमध्ये, लग्नाकार्यात भेटल्यावर लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदा सगळी उत्तरं नीट लिहून काढलीयेत. आधी साधे प्रश्न घेतलेत, अडचणीचे पुढे आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. म्हणजे नक्की करायचं काय?

एक देश निवडायचा, त्या देशात घडणारं आणि शक्यतो तिथल्याच माणसाने लिहिलेलं एक पुस्तक वाचायचं, मग पुढचा देश. बास एवढंच. कादंबरी, कथा, आत्मचरित्र, नाटक काहीही चालतं. ‘तिथल्याच माणसाने’ यावर आमचा एवढा जोर का ते प्रश्न २ आणि १० मध्ये सविस्तर सांगितलंय कारण सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात.

सोबत जगाचा नकाशा घ्या. माझ्या घरी हॉलच्या भिंतीवर शाळेत टांगतात तसला मोठा नकाशा आहे, पुस्तक संपलं की त्या देशावर टाचणी लावायची. मुलीने पहिल्याच महिन्यात विचारलं की आफ्रिकेत एकही टाचणी का नाही, आणि तेव्हा लक्षात आलं की चाळीस वर्षांच्या वाचनात मी त्या अख्ख्या खंडातलं एकही पुस्तक हातात घेतलं नव्हतं.

२. प्रवासवर्णन चालेल का? ‘अपूर्वाई’, ‘पूर्वरंग’ तर घरातच आहे.

वाचा, जरूर वाचा, पण टाचणी त्यावर लावू नका असं माझं मत. पु.लं.च्या ‘अपूर्वाई’त इंग्लंड आहेच, पण ते मुंबईहून गेलेल्या मराठी माणसाला दिसलेलं इंग्लंड आहे. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरमधून रशियाला गेले आणि त्यावर ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. ते वाचताना मला रशियापेक्षा जास्त अण्णा भाऊच कळले, आणि त्याचा मला आनंदच आहे. पाहुणा घरात येतो तेव्हा त्याला बैठकीची खोली दिसते, आतल्या खोलीत काय चाललंय ते त्या घरातलंच माणूस सांगू शकतं.

हे आपल्या बाबतीत कसं होतं ते बघायचं असेल तर ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत जग फिरण्याची गोष्ट आठवा, १८७३ साली पुस्तकरूपात आलेली. फॉगसाहेबाचा नोकर पासपार्तू मुंबईत उतरतो, मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो, पुजारी त्याला बडवतात आणि त्याचे बूट तिथेच राहतात. व्हर्न कधीच मुंबईत आला नव्हता. लहानपणी मजा वाटली होती पण मोठेपणी परत वाचताना मनात आलं, की मुंबईच्या नावावर ज्याने तेवढंच वाचलंय त्याच्या डोक्यात आपलं शहर म्हणजे एक देऊळ आणि तीन रागावलेले पुजारी, बाकी काही नाही. मग आपण दुसऱ्यांच्या देशांबद्दल असंच किती काय धरून बसलोय?

३. जगात देश किती धरायचे?

संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य, त्यातला सगळ्यात नवा दक्षिण सुदान, २०११ सालचा. व्हॅटिकन आणि पॅलेस्टाइन निरीक्षक म्हणून आहेत, ते धरले की १९५. तैवान धरला की १९६. लंडनच्या अ‍ॅन मॉर्गन यांनी २०१२ या एका वर्षात १९६ देशांची पुस्तकं वाचायचं ठरवून ते पूर्ण केलं होतं आणि पुढे त्या अनुभवावर पुस्तकही लिहिलं, त्यामुळे बरेच लोक तोच आकडा धरतात.

आम्ही आकडा धरलेला नाही. महिन्याला एक या हिशोबाने १९६ देशांना सोळाहून जास्त वर्षं लागतील. लागू देत.

४. सुरुवात कुठल्या देशापासून करू?

ज्या देशाशी तुमचा काहीतरी धागा आहे तिथून. काका कुवेतला होते? आखातातून सुरू करा. कामानिमित्त रोज जपानी कंपनीशी बोलता? जपान. फुटबॉल बघता तर अर्जेंटिना, उरुग्वे.

काहीच धागा नसेल तर मी इजिप्तपासून सुरू करायला सांगते. नागिब महफूझ यांना १९८८ साली नोबेल मिळालं, त्यांची १९४७ सालची ‘मिदाक अ‍ॅली’ म्हणून इंग्रजीत मिळणारी कादंबरी कैरोतल्या एका गल्लीची आहे. अगदी सुरुवातीलाच काका कामिल भेटतो, मिठाईचं दुकान आहे त्याचं, पण तो दिवसभर दारात खुर्ची टाकून मांडीवर माश्या मारायची काठी घेऊन पेंगत असतो, गिऱ्हाईकाने हाक मारली किंवा समोरच्या न्हाव्याने डिवचलं तरच जागा होतो. तो न्हावी अब्बास त्याला चिडवायला सांगतो की तुझ्यासाठी कफन आणून ठेवलंय बरं का, आणि कामिल खरंच कृतज्ञ होतो! वर एक घरमालकीण, कोपऱ्यावर कॉफीचं दुकान, तिथे कोण कधी येतं कोण कुणाकडे बघतं हे सगळ्या गल्लीला माहीत. मी गिरगावात चाळीत वाढलेय, पहिली पन्नास पानं वाचून मी आईला फोन केला की अगं हे आपलंच आहे. आणि मग हळूहळू कळत जातं की ते आपलं नाहीये, दुसरं महायुद्ध चालू आहे, ब्रिटिश छावणीत कामाला गेलं की पैसा मिळतो, गल्लीतली पोरं एकेक करून तिकडे ओढली जातायत आणि हमिदा नावाच्या मुलीला तर गल्लीतून कसंही करून बाहेर पडायचंय. ओळखीचं वाटतावाटता अनोळखी होत जाणं, ते अनुभवायला ही कादंबरी फार चांगली.

५. इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो किंवा जमत नाही. फक्त मराठीतून होईल का?

होईल, आणि उलट मराठीतून सुरू केलेलंच बरं कारण मराठीत काही भाषांतरं अशी झालीयेत की मूळ पुस्तक बाजूला ठेवूनही ती वाचावीत. राम पटवर्धनांचं ‘पाडस’ (फ्लोरिडाचं रान), शांता शेळक्यांचं ‘चौघीजणी’ (अमेरिकेतल्या चार बहिणी), जी.ए. कुलकर्ण्यांनी केलेली कॉनरॅड रिक्टरची ‘रान’, ‘गाव’, ‘शिवार’ ही ओहायोतल्या वसाहतीची मालिका, पु.लं.चं ‘एका कोळियाने’, चेतना सरदेशमुख-गोसावी यांचं ‘तोत्तोचान’, रवींद्र गुर्जरांचं ‘पॅपिलॉन’ आणि ‘सत्तर दिवस’, लीना सोहोनींनी केलेलं तस्लिमा नसरीन यांचं ‘लज्जा’.

आता ही यादी परत एकदा बघा. पहिल्या पाच पुस्तकांत पाचही वेळा अमेरिका. आपल्या मराठी कपाटात अमेरिका आणि इंग्लंड खच्चून भरलेत, रशियाही बराच आहे, आणि आफ्रिका, अरब देश, दक्षिण अमेरिका शोधावी लागते. म्हणजे फक्त मराठीतून दहापंधरा देश आरामात होतील, त्यापुढे हिंदीची किंवा सोप्या इंग्रजीची मदत घ्यावी लागेल (प्रश्न ६). मला याचं वाईट वाटतं. जी भाषा बोलणारे लोक दुबईपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेत त्या भाषेत नायजेरियाची, केनियाची, कोलंबियाची पुस्तकं दुकानात समोर दिसायला हवीत की नको?

६. हिंदीतून वाचलं तर?

अगदी चालेल, हा रस्ता आपले लोक विसरतात. मॉरिशसच्या अभिमन्यू अनत यांनी तर लिहिलंच हिंदीत, म्हणजे भाषांतराचाही प्रश्न नाही. त्यांची ‘लाल पसीना’ १९७७ सालची, ऊसमळ्यांवर करारावर नेलेल्या मजुरांची कादंबरी. १८३४ नंतर हिंदुस्थानातून जी माणसं बोटीत भरून तिकडे नेली त्यात आपल्याकडचे मराठी लोकही होते, त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी म्हणवतात. ते डोक्यात ठेवून वाचा म्हणजे पुस्तक वेगळंच लागेल.

किरगिझस्तानचे चिंगीझ ऐत्मातोव हिंदीत ‘पहला अध्यापक’ म्हणून मिळतात. सोव्हिएत काळात मॉस्कोहून हिंदी-मराठीत छापून येणारी स्वस्त, जाड कागदाची पुस्तकं आठवत असतील तर त्यातलंच ते. टेकडीवर दोन पॉप्लरची झाडं आणि खाली गाव, तिथे दुइशेन नावाचा स्वतःच धड न शिकलेला तरुण शाळा काढतो, आणि थंडीत ओढा ओलांडायला मुलांना पाठीवर घेऊन स्वतः अनवाणी बर्फाच्या पाण्यात उतरतो, वरून घोड्यावरचे श्रीमंत लोक हसतात. हिंदी नववीदहावीचं येत असेल तरी पुरतं.

७. मुंबईत ही पुस्तकं मिळणार कुठे? सगळी विकत घ्यायची ऐपत नाही.

विकत घ्यायची गरजच नाही. पहिला थांबा दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ सालापासूनचं. जुनी, आता छपाईत नसलेली भाषांतरं अशाच ठिकाणी सापडतात. त्याच रस्त्यावर साहित्य अकादमीचं ऑफिस आहे, तिथे पुस्तकविक्रीही असते. नवं मराठी घ्यायचं तर दादर पश्चिमेला छबिलदास गल्लीत आयडियल. इंग्रजी जुनी पुस्तकं फाउंटनच्या फूटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलला. तिथे लेखकाचं नाव विचारू नका, ढिगात स्वतः हात घाला, मी किंग्ज सर्कलला गाइडांच्या गठ्ठ्याखालून एक तुर्की कादंबरी काढलीये. जर्मन पुस्तकांसाठी काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनची लायब्ररी.

आणि तुमच्या स्टेशनजवळची छोटी लायब्ररी विसरू नका. आमच्याकडच्या लायब्ररीत मी ‘परदेशी भाषांतर वेगळं काढून ठेवाल का’ असं विचारलं तर तिथल्या ताईंनी एक अख्खा कप्पा केला, वर चिठ्ठी लावली, आणि आता त्या मला फोन करून सांगतात की काहीतरी नवीन आलंय.

८. वेळ कुठून आणता?

लोकलमधून. मुलुंड ते सीएसएमटी स्लो गाडीला तासाच्या आसपास, जाताना बसायला मिळालं तर वीसपंचवीस पानं होतात. येताना उभं राहून नाही जमत, तेव्हा ऑडिओ. अडीचशे पानांचं पुस्तक महिन्यात सहज होतं. जाड कादंबरी असेल तर आम्ही तिला दोन महिने देतो.

९. परकी नावं लक्षातच राहत नाहीत, दहाव्या पानावर गोंधळ होतो. काय करू?

पोस्टकार्डाएवढा कागद घ्या, तोच खूण म्हणून पुस्तकात ठेवा. माणूस आला की नाव आणि एक शब्द. ‘अब्बास – न्हावी’. ‘कामिल – पेंगणारा’. नाव देवनागरीत लिहा, इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांपुढून नुसतं सरकून जातं, देवनागरीत लिहिताना तोंडाने उच्चार करावाच लागतो. रशियन कादंबरीत एकाच माणसाला तीन नावं असतात, पूर्ण नाव, वडिलांचं जोडून घेतलेलं आदरार्थी नाव आणि घरगुती लाडाचं नाव, तेव्हा तीनही एकाच ओळीत लिहा. आपल्याकडे पुरुषोत्तमला कुणी पुरुषोत्तमराव म्हणतं कुणी पुरु, तसंच आहे ते. चाळीसएक पानांनंतर कागद बघावा लागत नाही.

१०. एका देशाला एक पुस्तक पुरतं का?

नाही पुरत. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा लांब लिहिते.

आम्हीही पहिल्या वर्षी एक देश एक पुस्तक असंच केलं. अल्जीरियासाठी तिथेच जन्मलेल्या फ्रेंच लेखक कामूची ‘द आउटसायडर’ घेतली, १९४२ सालची, छोटी आहे, नावाजलेली आहे, सगळ्यांना आवडलीसुद्धा. त्यात अल्जीअर्सच्या समुद्रकिनाऱ्यावर मर्सो हा फ्रेंच माणूस भर उन्हात एका अरबाला गोळ्या घालतो. चर्चा झाली, टाचणी लागली, विषय संपला. आणि तीन वर्षांनी आमच्यातल्या एका काकांच्या हाती कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाची २०१३ सालची कादंबरी लागली, इंग्रजीत तिचं नाव ‘द मर्सो इन्व्हेस्टिगेशन’. त्यात ओरान शहरातल्या एका बारमध्ये हारून नावाचा म्हातारा बोलत बसलाय, तो म्हणजे किनाऱ्यावर मेलेल्या त्या अरबाचा भाऊ. आणि त्याची तक्रार एकच आहे, की त्या जगप्रसिद्ध पुस्तकात माझ्या भावाला नावच नाही. त्याचं नाव मुसा होतं.

काकांनी हे सांगितल्यावर आम्ही सगळे कामू परत काढून बसलो, खरंच नाव नाहीये. नुसता ‘अरब’. आणि आम्हा बारा जणांपैकी एकाच्याही ते पहिल्यांदा लक्षात आलं नव्हतं, आम्ही सगळे मर्सोच्या बाजूने वाचत होतो. ज्यांच्या आजोबापणजोबांनी इंग्रजांच्या कागदपत्रांत ‘नेटिव्ह’ म्हणून दिवस काढले त्यांच्याही लक्षात येऊ नये! मला त्या रात्री झोप लागली नाही. कामूचं पुस्तक वाईट आहे असं नाही, मला ते आजही आवडतं, पण तेवढं वाचून अल्जीरियावर टाचणी लावणं चूक होतं.

तेव्हापासून जमेल तिथे आम्ही जोडी लावतो. बाहेरच्याचं एक आणि आतल्याचं एक, किंवा दोन बाजूंची दोन. व्हिएतनामच्या युद्धावर अमेरिकन पुस्तकं ढिगाने आहेत, त्याच्यासोबत बाओ निन्ह यांची ‘द सॉरो ऑफ वॉर’ वाचा, ते स्वतः उत्तर व्हिएतनामच्या बाजूने लढले होते. जोडी मिळाली नाही तर किमान एवढं करा की टाचणी लावताना आपण कुणाच्या घरातून हा देश बघितला ते वहीत लिहा.

११. लेखक एका देशाचा, गोष्ट दुसऱ्याच देशातली. टाचणी कुठे?

‘एका कोळियाने’वरून हा प्रश्न दर वर्षी येतो. मूळ लेखक हेमिंग्वे अमेरिकन, गोष्टीतला म्हातारा सांतियागो क्युबाचा. हेमिंग्वे क्युबात बरीच वर्षं राहिले होते त्यामुळे हवानाचा समुद्र त्यांनी बघूनच लिहिलाय. आमचा नियम असा, की गोष्ट जिथे घडते तिथे अर्धी टाचणी, म्हणजे पेन्सिलची खूण, आणि तिथल्या लेखकाचं पुस्तक वाचलं की पूर्ण टाचणी. जर्मन लेखक हेसेच्या ‘सिद्धार्थ’ला भारतासाठी अर्धीच खूण मिळेल हे कुणालाही पटतं, मग क्युबाला तोच न्याय.

काफ्काची ‘अमेरिका’ तर लेखक अमेरिकेला कधीच न जाता लिहिलेली आहे, त्यात स्वातंत्र्यदेवीच्या हातात मशालीऐवजी तलवार आहे. वाचायला विलक्षण, पण खूण अर्धीसुद्धा देत नाही आम्ही.

उलटं उदाहरण बेन्यामीन यांच्या ‘आडुजीवितम्’चं. लेखक केरळचे, भाषा मल्याळम, गोष्ट सौदीच्या वाळवंटात बकऱ्यांच्या मागे डांबून ठेवलेल्या मजुराची. सौदीची का भारताची? यावर आमच्यात दोन तास वाद झाला. शेवटी सौदीला अर्धी खूण दिली, पण कोकणातून आखातात गेलेल्यांच्या घरात हे पुस्तक पोचायला हवं यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

१२. लेखक देश सोडून गेलाय, तर तो ‘तिथला’ धरायचा का?

हो. खालेद हुसैनी काबूलचे, लहानपणीच देश सुटला, अमेरिकेत राहून इंग्रजीत लिहिलं. अफगाणिस्तानच. देश सोडावा लागणं हीच कित्येक देशांची गेल्या पन्नास वर्षांतली मुख्य गोष्ट आहे, ती सांगणाऱ्यालाच बाहेर काढलं तर मग उरलं काय. फक्त सोबत देशात राहून लिहिणाऱ्याचंही एखादं शोधा (प्रश्न १०).

१३. गोष्ट घडली तेव्हाचा देश आता नाहीच. युगोस्लाव्हिया, सोव्हिएत संघ वगैरे.

जमीन आज ज्या देशात आहे त्या देशाला टाचणी, आणि शेजारी जुन्या देशाचं नाव बारीक अक्षरात. इव्हो आंद्रिच यांची द्रिना नदीवरच्या पुलाची कादंबरी १९४५ साली युगोस्लाव्हियात आली, १९६१ ला त्यांना नोबेल मिळालं, आज तो विशेग्राडचा पूल बोस्नियात आहे. पूल सोळाव्या शतकातला, अकरा कमानींचा, मध्यावर तो रुंद होतो आणि तिथे दगडी बैठक केलेली आहे, तिला ते लोक ‘कापिया’ म्हणतात. गावातली सगळी माणसं संध्याकाळी तिथे येऊन बसतात, तरुण टवाळक्या करतात, कॉफीवाला शेगडी घेऊन बसलेला असतो. कट्टाच तो! राज्यं बदलतात, तुर्क जातात ऑस्ट्रियन येतात, आणि कट्ट्यावर बसणारे बसतातच. कादंबरीत तीनचारशे वर्षं मुख्य पात्र कुणी माणूस नाहीच, पूल आहे. देश कुठला हा प्रश्न त्या पुस्तकापुढे फार लहान वाटायला लागतो.

ऐत्मातोव (प्रश्न ६) तसेच, पुस्तकावर सोव्हिएत छाप असला तरी टाचणी किरगिझस्तानला.

१४. आणि जिथे देशाचाच वाद आहे, किंवा जागा कुठल्याच देशात नाही?

इथे नियम चालत नाहीत, पुस्तक म्हणेल ते ऐकायचं.

‘पॅपिलॉन’ घडतं फ्रेंच गयानात, नकाशावर दक्षिण अमेरिका पण कायद्याने आजही फ्रान्स. आम्ही खूण दक्षिण अमेरिकेत केली, दोरी फ्रान्सला बांधली. ‘सत्तर दिवस’मध्ये माणसं उरुग्वेची, निघाली चिलीला, विमान १९७२ साली कोसळलं ते अँडीजमध्ये अर्जेंटिनाच्या हद्दीत, लेखक इंग्रज. तिथे आम्ही उरुग्वे धरला, कारण घरी वाट बघणारी माणसं तिथे होती.

पॅलेस्टाइनच्या घस्सान कनफानी यांची ‘मेन इन द सन’ (१९६३) फक्त सत्तरएक पानांची आहे. तीन निर्वासित पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये लपून इराकमधून कुवेतला निघालेत, कामासाठी. नाक्यावरचे कारकून ड्रायव्हरची थट्टा करत बसतात, एका बाईवरून चिडवतात, कागदावर सही करत नाहीत, बाहेर ऑगस्टचं ऊन. मी हा प्रसंग माटुंगा ते भांडुप वाचला आणि मुलुंडला उतरायचंच विसरले, ठाण्याहून परत आले.

आणि आपल्या मुंबईत भायखळ्याला राहिलेले, जानेवारी १९४८ मध्ये लाहोरला गेलेले उर्दू कथाकार मंटो. त्यांच्या ‘टोबा टेक सिंग’मधला वेडा बिशनसिंग शेवटी दोन सीमांच्या मधल्या, नाव नसलेल्या तुकड्यावर पडतो. तिथे कुठली टाचणी लावणार? आम्ही लावलेली नाही, भारत-पाकिस्तानच्या रेषेवर पेन्सिलने एक ठिपका आहे फक्त.

१५. पुस्तकात देशाचं नावच नाही, किंवा गाव काल्पनिक आहे.

गाव काल्पनिक पण देश ओळखू येत असेल तर बिनधास्त धरा. मार्केझच्या कादंबरीतलं माकोंदो गाव नकाशावर नाही पण कोलंबिया आहे, त्यातलं केळीच्या मळ्यातल्या मजुरांचं हत्याकांड १९२८ साली खरंच झालं होतं. सारामागोची ‘ब्लाइंडनेस’ वेगळी, तिथे देशाला, शहराला, माणसांना कुणालाच नाव नाही. लेखक पोर्तुगालचे म्हणून पोर्तुगाल धरायचा मोह होतो. धरू नका, लेखकाने मुद्दाम काढून टाकलेलं आपण परत घालायचं नाही. वाचा आणि टाचणीशिवाय ठेवा.

१६. काही देशांचं एकही पुस्तक सापडत नाही. मग?

खरं आहे, पॅसिफिकमधली छोटी बेटं आणि पोर्तुगीज बोलणारे काही आफ्रिकी देश यांचं इंग्रजीतही फार थोडं आलंय. प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या अ‍ॅन मॉर्गन यांना साओ तोमे आणि प्रिन्सिपेसाठी इंग्रजीत काही मिळेना, तेव्हा स्वयंसेवकांनी एक पुस्तक त्यांच्यासाठी भाषांतर करून दिलं होतं.

आम्ही अशा वेळी लोककथा, एखादी कविता, एखादी मुलाखत, जे मिळेल ते घेतो. कित्येक ठिकाणी गोष्टी छापल्या जातच नाहीत, सांगितल्या जातात. ज्याच्या जात्यावरच्या ओव्या आजीबरोबर गेल्या त्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको.

१७. मुलांना यात कसं घ्यायचं?

‘तोत्तोचान’ने. तेत्सुको कुरोयानागी यांच्या जपानमधल्या खऱ्या शाळेची गोष्ट, रेल्वेच्या जुन्या डब्यांत वर्ग भरायचे, १९४५ च्या बाँबहल्ल्यात ती शाळा जळाली. मुख्याध्यापक कोबायाशींचा नियम होता की डब्यात थोडं समुद्रातलं आणि थोडं डोंगरातलं असायला हवं, आणि ज्याच्या डब्यात एखादं नसेल त्याला त्यांची बायको दोन भांडी घेऊन फिरत वाढायची. आमच्या सोसायटीतल्या मुलांनी हे वाचून एक रविवार तसेच डबे आणले, कुणी सुकट, कुणी बोंबील, शाकाहारी घरातल्या मुलीने विचारलं मीठ समुद्रातलंच ना? चाललं.

१८. आजींना दिसत नाही आता, पण ऐकायची आवड आहे.

वाचून दाखवा, आणि मोठी कादंबरी घेऊ नका, एका बैठकीत संपेल अशी कथा घ्या. माझ्या सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत, त्यांना मी चिनुआ अचेबे यांच्या नायजेरियातल्या कादंबरीतला (१९५८ सालची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’) एक प्रसंग तोंडाने मराठी करत सांगितला. ओकोये शेजारी उनोकाकडे जातो. उनोका तबकात कोलाची बी आणून पुढे करतो. पाहुणा म्हणतो तुम्ही फोडा, यजमान म्हणतो छे छे तुम्ही फोडा, तबक इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग बराच वेळ पावसापाण्याच्या गप्पा होतात, आणि सगळ्यात शेवटी पाहुणा म्हणींच्या आडून हळूच मुद्द्यावर येतो, की तुम्ही माझे दोनशे कवड्या देणं लागता. सासूबाई एवढ्या हसल्या, म्हणाल्या, ‘पानाचं तबक पुढे केल्याशिवाय आमच्याकडेही कुणी पैशाचं बोलायचं नाही गं.’ मग रोज विचारायला लागल्या की त्या उनोकाच्या मुलाचं पुढे काय झालं. दोन महिने लागले, पण आम्ही ते पुस्तक पूर्ण केलं.

१९. पुस्तक आवडलं नाही तर मधेच सोडू का?

पन्नास पानं द्या, नंतर खुशाल सोडा आणि त्याच देशाचं दुसरं घ्या. फक्त एक बघा, की पुस्तक कंटाळवाणं आहे का तिथली चालीरीत आपल्याला खटकतेय. दुसरं असेल तर थोडं थांबा, वाचून झालेल्या कुणाशी तरी बोला. अचेबेंच्या त्याच पुस्तकात जुळी मुलं जन्मली की रानात टाकून देतात, आमच्यातल्या दोघींनी तिथेच पुस्तक मिटलं होतं. पुढे गेल्यावर त्या गावातल्याच एका मुलाला, न्वोयेला, ते रडणं ऐकून आत काहीतरी तुटल्यासारखं होतं हे येतं. त्या दोघींना आम्ही तेवढी पानं फोनवर वाचून दाखवली, मग त्यांनी पुस्तक परत उघडलं.

२०. त्या देशाचा माणूस कधी प्रत्यक्ष भेटला का? काय बोललात?

भेटला ना. माझ्या फोर्टच्या ऑफिसात लागोसहून एक सहकारी तीन महिन्यांसाठी आले होते. जेवणाच्या सुट्टीत मी धीर करून विचारलं की तुमच्याकडे अजून पाहुण्यासमोर कोला फोडतात का. ते आधी चकित झाले, मग म्हणाले मी योरुबा आहे, तुम्ही वाचलंत ते इग्बो लोकांचं, पण कोला आमच्याकडेही आहेच, लग्नात तर हवाच. म्हणजे नायजेरियाच्या टाचणीशेजारी आता योरुबा लेखकाचं पुस्तक वाचणं आलं. निघताना त्यांनी विचारलं की तुमच्याकडे शुभकार्याला काय फोडतात? मी म्हटलं नारळ, आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून ओल्या खोबऱ्याच्या वड्या नेल्या.